कॅरोटिड स्टेंटिंग: फिल्टर अडकला तर काय करायचं

कॅथलॅबमध्ये नवीन लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. कॅरोटिड म्हणजे मेंदूकडे जाणारी मानेतली आर्टरी; ती स्टेंटने उघडताना सुटलेला कचरा मेंदूत जाऊ नये म्हणून वायरवर पुढे छत्रीसारखा फिल्टर उघडतात आणि शेवटी रिट्रिव्हल कॅथेटरने (फिल्टर मिटवून बाहेर काढणारी नळी) काढतात. निर्णय ऑपरेटरचाच, पण हातात काय द्यायचं ते आपल्याला आधी सुचलं पाहिजे. आपल्या नाशिकला यातलं बरंच सामान केसपुरतं मुंबईहून येतं, त्यामुळे एक्स्ट्रा रिट्रिव्हल कॅथेटर, ॲस्पिरेशन कॅथेटर (रक्त आणि कचरा ओढून घेणारी नळी) आणि वाकड्या टोकाचा एखादा ५ फ्रेंच (जाडीचं माप) कॅथेटर केसच्या आधीच रूममध्ये ठेवा, मधेच अडलं तर कसारा घाटातल्या गाडीची वाट बघत बसता येत नाही.

बलून फुगवताना पल्स धाडकन पडतो, म्हणून ॲट्रोपिन ०.६ एमजी आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवा.

पोस्ट-डायलेटेशननंतर (स्टेंट बसवल्यावर त्यात बलून फुगवणं) डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, पुढे सरकत नसेल तर घाबरून फिल्टर ओढू नका. स्पाझम (आर्टरी आकसणं) असेल तर बीपी बघून नायट्रो (आर्टरी सैल करणारं औषध) १००-२०० मायक्रोग्रॅम, बीपी आधीच पडलेलं असलं तर तेही जपूनच, आणि फिल्टर कचऱ्याने भरला असेल तर आधी ॲस्पिरेशन कॅथेटर फिल्टरपर्यंत नेऊन २०-२० एमएलच्या दोन-तीन सिरिंज रक्त ओढायचं, मगच फिल्टर बंद करायचा, तोही फक्त तोंड मिटेपर्यंत, पूर्ण आत ओढला तर पिळून निघालेला कचरा थेट मेंदूत.

आता खरी डोकेदुखी, रिट्रिव्हल कॅथेटर स्टेंटच्या कडेला अटकणं. ओपन सेल स्टेंट (मोकळ्या जाळीचा) आणि वाकडी आर्टरी असली की हे जास्त होतं. जोर लावायचा नाहीच, स्टेंट सरकतो. कॅथेटर थोडा मागे घ्या, फिरवा, परत पुढे. पेशंट जागा असतो, मग त्याला मान दुसऱ्या बाजूला वळवायला सांगा, आवंढा गिळायला सांगा, बऱ्याचदा एवढ्यावर सुटतं आणि सगळे उगाच हसतात. नाहीच सुटलं तर बाहेरून मानेवर हलका दाब, मग वाकड्या टोकाचा कॅथेटर, मग गाइडिंग शीथ (ज्यातून सगळं सामान आत जातं ती बाहेरची नळी) हळूच स्टेंटमध्ये. या सगळ्यात एकाने वायर घट्ट धरून ठेवायची, फिल्टर वरखाली झाला तर आर्टरी सोलवटते. वेळ लागला तर एसीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ती टेस्ट) परत करा, २५० च्या खाली नको.

आणि पेशंटच्या विरुद्ध बाजूच्या हातात दाबलं की चूंचूं वाजणारं रबरी खेळणं द्या, मेन रोडला कुठेही मिळतं. अधूनमधून दाबायला सांगायचं, आवाज आला नाही तर मेंदूला धक्का बसून हात लुळा पडला असू शकतो, लगेच डॉक्टरांना सांगा.

फिल्टर निघाला तरी शीथ लगेच काढू नका, मेंदूतल्या नसांचा शेवटचा रन (डाय सोडून घेतलेलं चित्रण) होऊ द्या.