मटण सोडलं, पण पोट भरेना

मांसाहार सोडल्यावर मला दुपारी चारलाच सडकून भूक लागायची. पोळी, बटाट्याची भाजी, पातळ वरण आणि भात, एवढ्यावर दिवस निघत नव्हता. कमी पडत होती ती प्रथिनं, आणि सावजी रश्श्याची झणझणीत चव.

चवीचा प्रश्न पाटोडी रश्श्याने सोडवला. बेसनाच्या वड्या, खसखस-खोबरं भाजून वाटलेला मसाला आणि वर तर्री. नागपुरात ही भाजी असताना मटणाची नक्कल करणारे महागडे पदार्थ कशाला आणायचे? अधूनमधून गोळाभातही होतो. त्यातले भिजवून वाटलेल्या चणाडाळीचे गोळे भाताला खरा आधार देतात.

रोजचं वरण घट्ट केलं. सोबत मोड आलेल्या मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ आणि वाटीभर दही. सोयाबीनच्या वड्याही आणते. कोरड्या 100 ग्रॅम वड्यांत 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, त्यामुळे मूठभर पुरतात.

लोहाकडे मात्र मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीर कमी शोषतं. सोबत क जीवनसत्त्व असलं की जास्त. म्हणून वरणावर लिंबू पिळते, हंगामात जेवणासोबत संत्रं खाते आणि जेवल्यावर तासभर तरी चहा घेत नाही.

बी-12 वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दही कमी खाणाऱ्यांनी तर रक्त तपासून डॉक्टरांना गोळीबद्दल विचाराच.

आता चारची भूक उरली नाही. डब्यात फुटाणे तेवढे असतात, ऑफिसातल्या बाकीच्यांनाही आवडतात.