जलपर्णी काढायला उतरण्याआधी

तळ्यावर श्रमदान ठरलं की पहिली काळजी असते माणसं जमतील का याची. माणसं जमतात. अडतं ते काढलेला पाला टाकायचा कुठे, यावर. जलपर्णीच्या वजनात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे ट्रॉली बघता बघता भरते. आणि ढीग काठावरच राहिला तर पहिल्या मोठ्या पावसात तो पुन्हा तळ्यात. म्हणून सगळ्यात आधी जागा बघा. ती पाण्यापासून लांब हवी, उतार तळ्याकडे नको आणि ट्रॅक्टर पोचायला हवा. पाला तिथे उन्हात सुकवा, तोडून शेणाबरोबर खतात घाला. मात्र तळ्यात कारखान्यांचं सांडपाणी येत असेल, तर हे खत भाजीपाल्याला वापरू नका आणि पाला जनावरांपुढेही टाकू नका. त्या सांडपाण्यातले शिसं, कॅडमियम असे विषारी धातू जलपर्णी मुळांतून ओढून घेते.

काम उन्हाळ्यात धरा. तेव्हा पाणी उतरलेलं असतं, आणि पावसाळा लागला की कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटी करतात. जांभळ्या तुऱ्यांत बी धरायच्या आत उरकलं तर फारच बरं, कारण गाळात पडलेलं बी १५-२० वर्षंही जिवंत राहतं.

तळं ग्रामपंचायतीचं, महापालिकेचं की जलसंपदा विभागाचं, ते बघून लेखी परवानगी घ्या. मासेमारी करणाऱ्यांना आधी भेटा. होडी त्यांच्याकडेच मिळेल, आणि पाय कुठे रुततो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. पवई तलावात तर मगरी आहेत. अशा ठिकाणी स्वयंसेवकांनी पाण्यात पाऊलही टाकू नये.

जाड दोर, लांब बांबूला बसवलेले आकडे, दाताळी, विळे, घमेली, गमबूट, जाड हातमोजे एवढं गोळा करा. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवंच, पट्टीचा पोहणारा असला तरी.

आदल्या दिवशी सगळ्यांना एक रोप उचलून दाखवा. फुगीर देठांच्या बुडातून आडवी फूट निघते आणि तिच्या टोकाला छोटं पिल्लू असतं. ओढाताणीत फूट तुटली की पिल्लू पाण्यातच राहतं, आणि हवा मानवली तर साधारण दोन आठवड्यांत जलपर्णी दुप्पट होते. म्हणून आकड्याने हिसके न देता दोराचा वेढा घालून अख्खा पट्टा काठाशी आणायचा, आणि मागे सुटलेली रोपं जाळीने टिपायची.

तणनाशक फवारा, असं कुणीतरी सुचवेलच. ठाम नाही म्हणा. मेलेली जलपर्णी पाण्यातच कुजते, प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

परवानगीच्या अर्जासोबत दुसरा अर्जही द्या, तळ्यात येणारं मैलापाणी वळवण्याचा. त्यातल्या नत्र-स्फुरदावरच ही पोसते, आणि माझ्या मते दोन्हींत हाच अर्ज जास्त महत्त्वाचा. त्याची पोच जपून ठेवा. श्रमदानाला आलेली माणसं घरी जायच्या आत पुढच्या फेऱ्यांची नावं लिहून घ्या: दर आठवड्याला दोघं होडीतून काठाकाठाने, आणि पाऊस सुरू झाला की वरून वाहत येणारी रोपं उचलायला एक जण रोज नाल्याच्या तोंडाशी.