तीन मिनिटं, पाच स्लाइड्स: जर्मन बी-१ च्या सादरीकरणाची तयारी

आधी गुणांची वाटणी पाहून घ्या, म्हणजे कशावर किती वेळ द्यायचा ते आपोआप कळतं. ग्योटे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेच्या बी-१ (मध्यम पातळीच्या जर्मन) परीक्षेत बोलण्याचा भाग जोडीने होतो आणि साधारण १५ मिनिटांत संपतो. आधी जोडीदाराबरोबर मिळून काहीतरी ठरवायचं, त्याला २८ गुण. मग एकट्याने तीनेक मिनिटं एका विषयावर बोलायचं, त्याला ४०. शेवटी एकमेकांच्या बोलण्यावर अभिप्राय आणि प्रश्न, त्याला १६, आणि उरलेले १६ उच्चारांना. पास व्हायला ६० लागतात. ठरवाठरवीत समोरचा काय बोलेल याचा नेम नसतो. सादरीकरणात मात्र कोणी मध्ये तोंड घालत नाही. म्हणून घरची निम्मी मेहनत तिथेच खर्च करा.

विषय दोनांतून एक निवडायचा असतो. लहान मुलांना मोबाइल हवा का, अशा धाटणीचे हे विषय असतात. ते पाठ करत बसू नका. वीस विषयांवरचे वीस निबंध घोकून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. एकविसावा विषय आला की ती गप्प होतात. शिवाय पाठ केलेलं बोलणं दोन वाक्यांत ओळखू येतं, कारण त्यात माणूस कुठेच अडखळत नाही आणि कुठेच श्वास घेत नाही. विषय बदलतात, पण परीक्षेत दिलेल्या पाच स्लाइड्सचा क्रम बदलत नाही: विषयाची आणि मांडणीची ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली परिस्थिती, फायदे-तोटे आणि स्वतःचं मत, मग समारोप आणि आभार. पाठ करायचे ते एका स्लाइडवरून दुसरीवर नेणारे पूल. प्रत्येक जागेसाठी एकच वाक्य, पण झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल इतकं पक्कं. पाचवी स्लाइड तर पूर्णच पाठ असू द्या, दोन वाक्यांचं तर काम आहे.

खरा घोळ होतो दुसऱ्या स्लाइडवर. अनुभव म्हटलं की माणूस मोठी गोष्ट शोधायला लागतो आणि ती सांगण्याइतकं जर्मन हाताशी नसतं. छोटा प्रसंग घ्या: कधी, कोणाबरोबर, काय झालं, कसं वाटलं. चार वाक्यं पुरतात. तो खराच घडलेला असला पाहिजे असं काही नाही, परीक्षक भाषा तपासतात. घरी दहा-बारा वेगवेगळे विषय घेऊन फक्त ही एकच स्लाइड बोलून पाहा. इथे भूतकाळ लागतो, आणि त्यासाठी जोडायचं सहायक क्रियापद ‘हाबन’ की ‘झाइन’ हा गोंधळ इथेच उघडा पडतो. मराठी थोडी मदत करते: ‘त्याने फोन घेतला’ असं जिथे ‘ने’ लागतं तिथे बहुधा ‘हाबन’, आणि ‘तो गेला’, ‘तो आला’ इथे ‘झाइन’. नियम म्हणून यावर विसंबू नका. ‘तो झोपला’ला ‘ने’ नसूनही जर्मनमध्ये ‘हाबन’च लागतं.

तिसऱ्या स्लाइडवर आकडेवारी देण्याच्या फंदात पडू नका. शहरात असं, खेड्यात तसं, पूर्वी असं, आता तसं, एवढी तुलना भरपूर झाली. चौथ्या स्लाइडसाठी दोन फायदे, एक तोटा आणि प्रत्येकाला एक उदाहरण. मत सांगताना ‘वाइल’ (म्हणजे ‘कारण’) हमखास येतो, आणि इथे मराठी माणसाची चांदी आहे: ‘वाइल इश काइनं त्साइट हाबं’, क्रियापद शेवटी, अगदी आपल्या ‘कारण मला वेळ नाही’सारखं. उलट साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी लागतं, ते इंग्रजीच्या सवयीने घसरतं. ‘इन माइनम हाइमाटलांट’ (‘माझ्या देशात’) म्हटल्याबरोबर पुढचा शब्द क्रियापद, हे जिभेवर बसेपर्यंत म्हणत राहा.

उच्चारांची यादी लहान ठेवा. याच सादरीकरणात तुम्ही ‘फायदे’ हा शब्द चार वेळा तरी म्हणणार आहात, आणि तो ‘वोरटाइलं’ नसून ‘फोअरटाइलं’ आहे. ‘त्साइट’मधला पहिला आवाज म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च, इंग्रजीतला झेड तिथे आणू नका.

शेवटचे आठ दिवस घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्याने. मनातल्या मनात केलेला सराव वेळेच्या बाबतीत फसवतो. माझं पहिलं सादरीकरण मनात तीन मिनिटांचं होतं, तोंडाने म्हटलं तेव्हा दीड मिनिटात आटोपलं. कमी पडलं तर वेग कमी करू नका, उदाहरण वाढवा. फोनवर ध्वनिमुद्रण करून एकदा ऐका. नकोसं वाटतं, पण ‘ए... ए...’ किती वेळा आलं ते कळतं.

परीक्षेआधी तयारीला १५ मिनिटं मिळतात. शब्दकोश नाही, मोबाइल नाही, आणि तेवढ्या वेळात ठरवाठरवीचा भागही पाहायचा असतो. विषय निवडायला एक मिनिट. जो आवडतो तो नव्हे, ज्यावर प्रसंग चटकन सुचतो तो घ्या. कागदाचे पाच भाग करा आणि प्रत्येकात तीन-चार शब्द लिहा, नामं त्यांचं लिंग दाखवणाऱ्या ‘डेर, दी, दास’सकट. पूर्ण वाक्य लिहिलंत की ते वाचलं जातं, आणि वाचून दाखवणं चालत नाही.

जोडीदार बोलत असताना आपला कागद चाळत बसू नका. त्याच्यानंतर तुम्हाला अभिप्राय द्यायचा आहे आणि एक प्रश्न विचारायचा आहे, तेव्हा त्याच्या बोलण्यातला एक शब्द टिपून ठेवा आणि त्यावरूनच विचारा. त्याला ‘डू’ (तू), परीक्षकांना ‘झी’ (तुम्ही). सराव करतानाच ही सवय लावा. परीक्षकांनी विचारलेला प्रश्न कळला नाही तर अंदाजाने उत्तर ठोकून देऊ नका. ‘क्योंटन झी दी फ्रागं बिटं विडरहोलन?’ म्हणजे ‘प्रश्न पुन्हा सांगाल का?’, हेही त्या पुलांच्या वाक्यांबरोबरच पाठ करून जा.