गणपतीला बंद घर उघडताना : नव्या कपाटाचा वास आणि घरातली रसायनं

गेल्या वर्षी गणपतीच्या चार दिवस आधी आम्ही गावचं घर उघडलं. मे महिन्यात हौसेने करून घेतलेलं कपाट माजघराशेजारच्या खोलीत होतं आणि जूनपासून घर बंद. दार लोटलं तसा ओल्या भिंतींचा वास आला, तो ओळखीचा. पण त्यात आणखी एक वास होता, नाकात टोचणारा. कपाट उघडल्यावर डोळ्यांतून पाणीच आलं. माझी सहा वर्षांची भाची त्या खोलीत झोपली आणि रात्रभर खोकली. प्रवासाची दगदग, हवापालट, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या रात्री तिला ओटीवर झोपवलं, तर खोकला जवळजवळ नाहीच.

मग मी कपाट भिंतीपासून ओढून मागून बघितलं. पुढून गुळगुळीत लॅमिनेट, पण मागची कड उघडीच. बोट फिरवलं तर पिवळसर भुकटी लागली.

पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि साधं प्लाय हे लाकडाचा भुसा किंवा पातळ पापुद्रे बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवून केलेले असतात. ओलावा आणि उष्णता मिळाली की हा गोंद थोडा थोडा सुटत जातो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. आपल्याकडे श्रावणात डब्यातलं मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात. त्या हवेत असं कपाट तीन महिने कोंडून ठेवलं, तर खोलीत काय साठेल याचा अंदाज करा.

या वायूने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दमेकऱ्याचा दमा उठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, तुमच्या कपाटाचा धोका किती ते सांगत नाही. तो पुरावा मुख्यतः कारखान्यांत आणि तशा कामांत वर्षानुवर्षं हा वायू हुंगणाऱ्या कामगारांचा आहे. म्हणून घाबरून कपाट जाळू नका (जाळल्यावर तर आणखी विषारी धूर होतो). घरातल्या हवेसाठी त्याच संघटनेची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. हा वायू मोजणारी बाजारातली स्वस्त मीटरं अगरबत्ती आणि सॅनिटायझरनेही आकडा वर नेतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नका.

आधी घर उघडा, मग राहायला या

शक्य असेल तर शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवा आणि पाहुणे यायच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज घर उघडून ठेवायला सांगा. एकच खिडकी उघडून भागत नाही. पुढचं दार आणि मागचं दार समोरासमोर उघडं हवं, म्हणजे वारा आरपार जातो. कपाटाची दारं सताड, खण बाहेर काढून ठेवलेले. पाऊस आत येत असेल तर वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूच्या खिडक्या उघडा आणि टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून लावा. जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून हवा आपोआप खेळायची. आता स्लॅब आणि सरकत्या काचा आल्या, तेव्हा हे काम आपल्यालाच करावं लागतं.

वास मारायला धूप, कापूर किंवा सुगंधी फवारे वापरू नका. वास झाकला जातो, वायू तिथेच राहतो, आणि अगरबत्तीच्या धुरातही फॉर्मल्डिहाइड असतंच. कांदा कापून ठेवणं, कोपऱ्यात दोन कुंड्या ठेवणं, यानेही काही होत नाही.

नाकाला वासाची सवय होते, म्हणून घरात बसून वास गेला की नाही ते कळत नाही. तासभर अंगणात काढून परत आत या आणि पहिल्या श्वासाला काय जाणवतं ते बघा.

कपाटाच्या कडा बंद करा

बोर्डाची कापलेली कड आणि ड्रिलची भोकं इथूनच वायू जास्त सुटतो. सुताराला बोलावून उघड्या कडांना एज बँडिंग (कडेवर पट्टी चिकटवणं) करून घ्या. मागची बाजू कोरी असेल तर तिलाही लॅमिनेट किंवा पॉलियुरेथेनचा हात द्या. आम्ही हे दिवाळीत करून घेतलं आणि मधले दोन महिने कपाट पडवीत ठेवलं. नव्या बोर्डातून सुरुवातीच्या महिन्यांत वायू सर्वांत जास्त येतो, पुढे कमी होत जातो. तोवर त्या खोलीत लहान मूल, गरोदर बाई किंवा दमेकरी झोपवू नका.

नवीन काम काढणार असाल तर सुताराशी नीट बोला. एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) ग्रेडच्या प्लायमध्ये युरियाचा गोंद असतो. बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणाऱ्या) किंवा मरिन प्लायमध्ये फिनॉलचा गोंद असतो, तो पाण्याला दाद देत नाही आणि वायूही बराच कमी सोडतो. मरिन प्लायवर आयएस ७१० हा शिक्का बघा. बोर्डच घ्यायचा असेल तर ई-वन किंवा ई-झिरो (म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या) दर्जाचा मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. माझं स्पष्ट मत असं की समुद्राकाठी भुशाचं फर्निचर घालूच नये. आपल्याकडे फणसाचं लाकूड मिळतं. जुन्या घराचे वासे, दारं उतरवली असतील तर त्यांच्या फळ्या निघतात. पैसे थोडे जास्त जातील, पण पावसात ते फुगून फुटणार नाही.

आवरताना काय जपायचं

पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, त्यावर ब्लीचिंग पावडर टाकतात. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल. घाईगर्दीत कोणी तीच पावडर संडासात टाकतं आणि वर ॲसिडचं क्लीनर ओततं. हे कधीही करू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. या पानावरचं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. चुकून झालंच तर बादलीभर पाणी ओतत उभे राहू नका. दार उघडं टाकून आधी बाहेर पळा.

ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर गोधड्या, दुपटी निदान दिवसभर वाऱ्यावर टांगा, धुऊन घेतली तर उत्तम. जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने फुटू शकतात आणि कावीळ होऊ शकते. बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या नकोतच.

मच्छर कॉइल खाटेखाली लावून खिडक्या बंद करायची सवय मोडा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारं फॉर्मल्डिहाइड जास्तीत जास्त ५१ सिगारेटींइतकं भरलं होतं. मच्छरदाणी लावा.

जुना रंग कोरडा खरवडू नका, ओला करून काढा. घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, दारांवरचे थर त्याआधीचे असतात.

बाजारातून येणारं

सुरकुत्या न पडणारे शर्ट, नव्या चादरी यांच्या कापडावरही फॉर्मल्डिहाइड असू शकतं, त्या एकदा धुऊनच वापरा. सणाआधी पार्लरमध्ये केस सरळ करून घेणार असाल तर बाटली मागून वाचा. फॉर्मलिन (पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड), मिथिलीन ग्लायकॉल यांपैकी काही लिहिलं असेल तर नको म्हणा, कारण गरम इस्त्रीखाली तोच वायू निघतो. शाम्पूवर डीएमडीएम हायडँटॉइन किंवा क्वाटर्नियम-१५ (शाम्पू टिकवणारे, थोडं फॉर्मल्डिहाइड सोडणारे पदार्थ) दिसलं आणि डोक्याला खाज येत असेल, तर शाम्पू बदलून बघा.

आणि मासळी. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बर्फातली मासळी लांबून येते. २०१८ च्या जुलैत गोव्यात मासळी टिकवायला फॉर्मलिन मारल्याच्या संशयावरून गदारोळ झाला आणि बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी आली. मासळीत फॉर्मलिन घालायला आपल्या कायद्याने परवानगी नाही. पण मेलेल्या माशात थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआपही तयार होतं, बोंबलात तर जास्तच. म्हणून प्रत्येक कोळणीकडे संशयाने बघू नका. बंदीच्या दिवसांत आगोटीला भरलेली सुकट, सुके बांगडे काढा, खाडीचं ताजं मिळालं तर ते घ्या.

एवढं करूनही कोणाचे डोळे, घसा, श्वास बिघडत असेल तर वहीत लिहून ठेवा : कोणती खोली, किती वाजता, घरात नवीन काय आलं, आणि तासभर ओटीवर बसल्यावर बरं वाटलं का. ती वही डॉक्टरांकडे न्या. धाप लागत असेल तर वही राहू दे, त्याच क्षणी दवाखाना गाठा.