अडालिमुमॅबचं इंजेक्शन घरी घेताना होणारी आग कशी कमी करावी

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणारे आजार) असलेल्या अनेकांना अडालिमुमॅब या सूज आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन साधारणपणे दर दोन आठवड्यांनी स्वतःच टोचून घ्यावं लागतं. सुईची हळूहळू सवय होते. पण औषध आत जाताना अशी चरचर होते की काहीजण डोस पुढे ढकलतात. कृपा करून तसं करू नका. डोस चुकत गेले की शरीर या औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार करण्याची शक्यता वाढते, आणि लागू पडलेलं औषधही मग निकामी होऊ शकतं.

आधी खोक्यावरचे घटक वाचा. त्यात सायट्रेट (औषधाची आम्लता स्थिर ठेवणारा घटक) असेल तर झोंबण्याचं मोठं कारण बहुधा तेच. सायट्रेट नसलेला प्रकारही मिळतो. काहींमध्ये ४० मिलिग्रॅम औषध ०.८ ऐवजी ०.४ मिलीतच असतं. खालच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा हा बदल जास्त उपयोगी पडतो, म्हणून डॉक्टरांना न संकोचता विचारा. ब्रँड मात्र स्वतःहून बदलू नका.

औषध २ ते ८ अंशांत ठेवलेलं असतं आणि गार औषध जास्त झोंबतं. टोचण्याआधी १५ ते ३० मिनिटं ते टोपण न काढता बाहेर ठेवा. गरम पाण्यात, उन्हात किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, हलवूही नका.

जागा पोटावर, बेंबीपासून दोन इंच सोडून, किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला निवडा. मागच्या जागेपासून निदान इंचभर लांब टोचा. आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचा व्रण टाळा. कुठे टोचलं ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं की गोंधळ होत नाही.

कापडात गुंडाळलेला बर्फ दोनेक मिनिटं लावा. मग स्पिरिटने पुसा आणि ते पूर्ण वाळू द्या. ओलं स्पिरिट सुईबरोबर आत गेलं की आग होते. फुंकर घालू नका. बसून पाय सैल सोडा. पेन (आपोआप टोचणारं तयार इंजेक्शन) स्वतःच्याच ठरलेल्या वेगाने औषध ढकलतं, सिरिंजचा वेग मात्र आपल्या हातात असतो. त्यामुळे पेन फारच झोंबत असेल तर सिरिंज चालेल का, हेही डॉक्टरांना विचारा. टोचल्यावर कापूस नुसता दाबून धरा, चोळू नका.

थोडी लाली, खाज, सूज दोन-तीन दिवस राहू शकते. त्यावर गार पट्टी पुरते. लाली पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांना कळवा. या औषधाने दबलेला क्षयरोग पुन्हा उफाळू शकतो. त्यामुळे रेंगाळणारा खोकला, रात्रीचा घाम किंवा घटणारं वजन कधीही अंगावर काढू नका. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर लगेच रुग्णालय गाठा.

वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत टाका आणि बाटलीवर ‘सुया’ असं ठळक लिहा. ती घरच्या कचऱ्यात टाकू नका, सफाई कामगाराच्या हाताला टोचू शकते. भरलेली बाटली कुठे द्यायची ते तुमच्या दवाखान्यात विचारून घ्या.