जाळी कुरतडून मांजर सज्जातून निसटत होती : लागू पडलेला उपाय

सोलापुरातील आमच्या दुसऱ्या मजल्यावरील घरात मनी दिवसभर खिडकीशी ओरडत बसे आणि दार किंचित उघडे राहिले, की सज्जाच्या कठड्यावरून शेजारच्या पत्र्यावर उडी घेत असे. कबुतरांसाठी मिळणारी नायलॉनची जाळी तिने आठवडाभरात कुरतडली. पट्टा घातला, तर मागे सरकून ती अंग काढून घेई. एकदा ती रात्रभर सापडली नाही, तेव्हा आमच्या जिवाचे पाणी पाणी झाले.

अखेर कठड्यापासून वरच्या स्लॅबपर्यंत माप घेऊन लोखंडी अँगलची चौकट करून घेतली आणि ती भिंतीत पक्की बसवली. त्यानंतर 1 इंच चौकोनाची, जस्ताचा मुलामा असलेली वेल्डेड जाळी चौकटीच्या आतून लावली, कारण मांजराचे डोके जिथून जाते तिथून बहुधा त्याचे सारे अंगही जाते. प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हाने तडकतात, म्हणून दर 15 सेंटीमीटरवर बांधणीची तार पिळली. तारेची टोके बाहेरच वळवावीत. पहिल्या दिवशी आत राहिलेल्या एका टोकाला मनीच्या मानेचे चार करडे केस अडकलेले मला दिसले.

उन्हाळ्यात येथे पारा 40 अंशांच्या वर जात असल्याने पश्चिमेला हिरवे शेडनेट बांधले, मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवले आणि दुपारी दार बंद ठेवण्याचा नियम केला. आता सकाळी जुन्या सोलापुरी चादरीच्या घडीवर बसून ती चिमण्या न्याहाळते.