अपलोड सुरू झालं की सगळ्यांचं नेट का अडतं, आणि राउटरवर काय करायचं

रावेर-यावलकडच्या सेवा केंद्रांत केळी विम्याच्या दिवसांत एका टेबलावरून मोठी पीडीएफ चढू लागली की बाकीच्यांचं साधं लॉगिनही अडतं. प्लॅन वाढवूनही हे पुष्कळदा सुटत नाही, कारण अडचण राउटर-मोडेममधल्या मोठ्या बफरची, म्हणजे पॅकेट्स (डेटाचे तुकडे) रांगेत थांबतात त्या जागेची असते. १० एमबीपीएसच्या अपलोडपुढे १ एमबीचा बफर भरला, तर मागून आलेलं पॅकेट सुमारे ०.८ सेकंद थांबतं. टीसीपी (डेटा पाठवायचा वेग सांभाळणारी पद्धत) बहुधा पॅकेट गळाल्यावरच वेग कमी करतो. मोठा बफर ते लवकर गळू देत नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याला गर्दी उशिरा कळते.

आधी मोजून घ्या, वायफायवर नाही, केबल लावून. ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) सतत पिंग, म्हणजे पॅकेटला जाऊन-येऊन किती वेळ लागतो ती चाचणी, चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोडला लावा. २० मिलिसेकंदांचे ३००-४०० झाले, तर दोष रांगेचा. मग गर्दीच्या वेळी तीन-चारदा स्पीड टेस्ट घ्या आणि त्यातला सर्वांत कमी आकडा धरा.

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएमचं, म्हणजे रांग आवरणारं पॅकेज टाका. इंटरफेस वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा निवडा. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड टाकून होणारी) जोडणी असेल तर पीपीपीओईचा. रांगेची पद्धत 'केक', ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटमागचे जादा बाइट) ४४. वेग मोजलेल्याच्या ९० टक्के: डाउनलोड ४० आणि अपलोड १० एमबीपीएस आले असतील तर ३६००० आणि ९००० किलोबिट. इथे किलोबाइट समजून आकडा भरला की नेट एकदम मंदावतं. शून्य भरलं तर त्या दिशेचं नियंत्रणच बंद होतं.

हे १० टक्के सोडायला लोकांचं मन होत नाही, पण सगळं त्यावरच आहे. आकडा लाइनच्या खऱ्या वेगाहून जास्त झाला की रांग पुन्हा मोडेमच्या बफरात साचते. तिथे 'केक'चा काहीच इलाज चालत नाही. फायरवॉलमधलं फ्लो ऑफलोडिंगही (पॅकेट्स जवळच्या वाटेने पुढे काढणारी सोय) बंद करा, नाहीतर पॅकेट्स या रांगेला वळसा घालून जाऊ शकतात.

आता तीच चाचणी पुन्हा. पिंग ४०च्या आत राहिला तर आकडा थोडा वाढवून बघा. चढला तर ५ टक्क्यांनी उतरवा. पिंग ठीक पण वेगच पडला, तर राउटरचा प्रोसेसर बघा: जुन्या, एका कोअरच्या राउटरला हे काम झेपत नाही.

केंद्रात कुणीच काही चढवत नसताना, केबलवरही संध्याकाळी पिंग चढत असेल, तर गर्दी बहुधा पुरवठादाराकडे आहे. ती तुमच्या राउटरवरून आवरत नाही. वेळेसह पिंगचे आकडे नोंदवून तक्रार द्या.